पचमढीत झड लागली तर: इंदूरहून निघणाऱ्यांसाठी पावसाळी दिवसांची आखणी

आमच्या पहिल्या पावसाळी खेपेत जिप्सीवाल्याने आधीच सांगितलं होतं, "मॅडम, आज ऊपर सिर्फ सफेद मिलेगा." पण इंदूरहून साडेआठ-नऊ तास गाडीत बसून आलेली माणसं ऐकतात कसली! गेलो धूपगढला. सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, १,३५२ मीटर. वर पोचलो तर समोर नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखा ढग. सासूबाईंनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं धुकं तर आपल्या रामबागेतही असतं डिसेंबरात." दुसऱ्या दिवशी लख्ख उघडलं, आणि ती सोन्यासारखी सकाळ आम्ही जटाशंकरच्या गुहेत घालवली, कारण ठरलेल्या यादीत गुहा दुसऱ्या दिवशी होती.

त्यानंतर पावसात चार वेळा गेलो. आता एकच करतो: 'पहिला दिवस, दुसरा दिवस' अशी यादी करत नाही. जागांची वाटणी पाऊस त्या जागेचं काय करतो त्यावरून करतो. कड्यांवरच्या जागा ढग खातो. धबधब्यांना पाऊस फुगवतो. गुहांना, चर्चना आणि जुन्या बंगल्यांना छप्पर असतं. उरतो तो आपला व्हरांडा. झड लागली की पहिल्या दोन याद्या पिशवीत जातात आणि शेवटच्या दोन बाहेर निघतात.

इंदूर सोडण्याआधी

पचमढीला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्या इंदूरचा आकडा हजाराच्या घरात असतो, म्हणजे तिथला पाऊस साधारण दुप्पट, आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये. त्यामुळे 'पाऊस पडला तर' असं धरून चालू नका. पडणारच आहे. तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर पावसाळ्यात जाऊ नका असं मी सरळ सांगते. एका उघाडीची वाट पाहायला तेवढे दिवस लागतात.

तारीख धरताना दोन गोष्टी पाहा. पहिली नागपंचमी. तिच्या आधीचे आठ-दहा दिवस नागद्वारीची यात्रा असते. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातली ती वाट वर्षातून एवढ्याच दिवसांपुरती उघडते आणि विदर्भातून, छिंदवाडा-बैतूलकडून माणसांचा लोंढा येतो. बाजारात उभं राहिलं तर हिंदीपेक्षा मराठी जास्त ऐकू येते, नागपुरी हेलाची. यात्रेला जायचं असेल तर तीच वेळ गाठा. एरवी त्या दिवसांत खोलीही मिळत नाही आणि घाटात गाडीला जागाही मिळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या दोन पंचांगांची. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो, पण मध्य प्रदेशातला 'सावन' गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो. म्हणजे आपल्या घरात अजून आषाढ चालू असतो आणि जटाशंकरला सावनच्या सोमवारची रांग लागलेली असते. घरातली दिनदर्शिका पाहून 'श्रावण लागायच्या आत जाऊन येऊ' म्हणणारे इथे हमखास फसतात. नागपंचमी शुक्ल पक्षातली असल्यामुळे ती मात्र दोन्ही पंचांगांत एकाच दिवशी येते.

आणखी एक: सातपुडा व्याघ्र प्रकल्पातल्या मढईची जंगल सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. 'जाताजाता वाघ' हा बेत पावसाळ्यात डोक्यातून काढून टाका.

खोली घेताना टीव्ही, एसी, स्विमिंग पूल यांची चौकशी करू नका. विचारायचं एवढंच: खोलीपुढे छप्पर असलेला व्हरांडा आहे का, आणि खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला तर नाही ना? एकदा स्वस्तात मिळाली म्हणून आम्ही मागची खोली घेतली. भिंतीला हात लावला की ओला व्हायचा. तीन दिवस टॉवेल वाळला नाही आणि मुलीला शिंका लागल्या त्या भोपाळपर्यंत. घरात दम्याचं कुणी असेल तर कुबट वासाच्या खोलीला पहिल्या पाच मिनिटांतच नाही म्हणा. सामान उघडल्यावर माणूस तडजोड करतो.

पचमढीत इंग्रजांच्या काळातले दगडी बंगले पुष्कळ आहेत. मध्य प्रांताची ती उन्हाळी राजधानी होती. त्यातल्या काही बंगल्यांत आता राज्याच्या पर्यटन महामंडळाची हॉटेलं चालतात. उंच छत, रुंद व्हरांडा आणि समोर साग-सालाची झाडं: झडीच्या दिवसासाठी याहून चांगली जागा नाही, म्हणून इथे थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यावेत.

पिशवीत काय

प्रत्येकाला टोपीवाला रेनकोट. छत्री एखादीच पुरे. कड्यावरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि गुहेच्या फटीत नेता येत नाही. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल, आणि चालायला दुसरा जोड. चामड्याचे बूट घरी ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी त्यांवर हिरवी बुरशी बघाल.

रद्दीची वर्तमानपत्रं चांगली आठवडाभराची न्या. रात्री ओल्या बुटांत त्यांचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे; सकाळी बूट घालण्याजोगे होतात. नायलॉनची दोरी, चिमटे, एक जादा प्लगपट्टी, बॅटरी. वीज जाते आणि पांडव गुहांमधल्या एका कोठडीत भर दुपारीही अंधार असतो. फोनला सगळीकडे रेंज मिळेलच असं नाही, म्हणून हॉटेलचा पत्ता, परवान्याचे कागद आणि थोडी रोकड प्लास्टिकच्या पिशवीत.

खाण्याचं म्हणाल तर इंदुरी माणसाला शेवेवाचून प्रवास सांगायला नको. पण पचमढीच्या हवेत ती तासाभरात सादळते. म्हणून एक मोठं पाकीट न नेता लहान लहान पाकिटं न्या आणि लागेल तसं फोडा. आम्ही पातळ पोहे घरीच कोरडे भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात नेतो. व्हरांड्यात बसून कांदा-टोमॅटो चिरायचा, कच्चं तेल, मीठ, लिंबू, वर जीरावण मसाला आणि नुकती फोडलेली शेव. शेगडी लागत नाही, खोलीतला गालिचा जळत नाही, मॅनेजर ओरडत नाही.

पोचताना

आगगाडीने जायचं तर पिपरिया स्टेशन. इंदूरहून निघणारी नर्मदा एक्सप्रेस तिथे थांबते. पुढे पन्नासेक किलोमीटर रस्ता, आणि मटकुलीला देनवा नदी ओलांडली की घाट. पिपरियाला अवेळी उतरलात तर उजाडेपर्यंत स्टेशनवरच थांबा. पावसाच्या रात्री हा घाट करू नये. वळणांवर ढग उतरलेला असतो, मध्येच दगड-माती आलेली असते, आणि चालक घाईत असतो. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी इंदूर पहाटे पाचला सोडावं आणि घाट दिवसाउजेडी संपवावा.

पोचल्या संध्याकाळीच तीन चौकश्या उरकून घ्या: उद्या कोणत्या जागा बंद आहेत, वनखात्याच्या परवान्याची खिडकी कधी उघडते, आणि जिप्सी आदल्या रात्री सांगावी लागते का. वनखात्याच्या हद्दीतल्या जागांना परवाना लागतो आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आपली गाडी चालत नाही, परवानाधारक जिप्सीच करावी लागते. भाव ठरवताना "पाऊस आला तर उलट्या क्रमाने फिरवाल का?" हे आधीच विचारून घ्या. नंतर विचारलं की वाद होतो.

हवामान खात्याचा अंदाज पाहायचा तो नर्मदापुरम जिल्ह्याचा. होशंगाबादचं हे नवं नाव. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की 'जोरदार' आणि ११५.६ च्या पुढे 'अति जोरदार'. दुसऱ्या प्रकारचा इशारा असेल त्या दिवशी गावाबाहेर जाऊ नका.

सकाळी सहाला व्हरांड्यात या

रोजचा निर्णय इथे होतो, चहाचा कप हातात घेऊन.

समोरच्या झाडांचे शेंडे स्वच्छ दिसताहेत आणि आभाळ वर सरकलेलं आहे: नाश्ता सोडा, जिप्सी बोलवा आणि कड्यांकडे सुटा. प्रियदर्शिनी पॉइंट, हांडी खोह, जमलं तर धूपगढ. ही उघाड दीड-दोन तासांची असते. हांडी खोहचा तीनशे फुटांचा तुटलेला कडा ढग फाटताना पाहायला मिळाला तर उन्हाळ्यातल्या दहा फेऱ्या त्यापुढे फिक्या. मात्र ओल्या गवतावरून कठड्यापलीकडे कुणी जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. वीज कडाडू लागली की उघड्या माथ्यावरून लगेच गाडीत.

सर येते-जाते, मध्ये पंधरा मिनिटं थांबते: गावातल्या गावात पायी फिरा. पचमढी नेच्यांसाठी प्रसिद्ध आहे. इथे वृक्षनेचाही सापडतो. मुलांच्या हातात भिंग द्या आणि दगडी भिंतींवरचे शेवाळ-नेचे बघू द्या. पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसतात ते बीजाणूंचे पुंजके. तोडायचं काही नाही. आमच्या मुलीने यावर शाळेत वही करून दाखवली होती, चित्रं सगळी व्हरांड्यात काढलेली.

आणि सलग, न थांबता, एका लयीत कोसळतोय: ही झड. आजचा दिवस छपराखाली.

झडीचा दिवस

सुरुवात बायसन लॉजपासून करा. कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६२ साली बांधलेली ही वास्तू आता वनखात्याचं संग्रहालय आहे. जंगल, प्राणी, इथले गोंड-कोरकू लोक यांची ओळख इथे होते. लोक इथे परवान्याची पावती फाडून पाच मिनिटांत निघतात. झडीच्या दिवशी तासभर काढा. पुढे तीन दिवस जी झाडं आणि दगड बघणार, त्यांची नावं तोंडात बसतात.

मग चर्च. १८७५ सालचं क्राइस्ट चर्च आणि १८९२ सालचं कॅथलिक चर्च, दोन्हींच्या रंगीत काचा पाहण्यासारख्या. कडक उन्हात त्या डोळ्यांवर येतात. ढगाळ उजेडात प्रत्येक रंग शांतपणे सुटा दिसतो. ही प्रार्थनास्थळं आहेत, बंद असली तर दार ठोठावत बसू नका. चपला-रेनकोटांचं पाणी बाहेर निथळू द्या आणि मग आत जा.

पांडव गुहा गावाजवळच आहेत. पाच मढ्या, त्यावरूनच गावाचं नाव. गोष्ट पांडवांच्या वनवासाची सांगतात. अभ्यासक त्यांना बौद्ध भिक्षूंच्या निवासाशी जोडतात. द्रौपदीची कोठडी त्यातली उजेडाची, भीमाची अंधारी. सर थांबेपर्यंत आत उभं राहून समोरची बाग बघता येते, पण पायऱ्या निसरड्या असतात. वर चढताना मुलं पुढे, उतरताना मोठी माणसं पुढे, हा क्रम ठेवा.

जटाशंकरला मात्र घाई करू नका. ही जागा पावसातच पाहावी असं माझं मत आहे. दोन बाजूंनी प्रचंड शिळा, त्यांत एक घळ, आणि पायऱ्या खाली खाली जातात. भस्मासुराच्या भयाने शंकर इथे लपले अशी कथा. पचमढीचा दगड वालुकाश्म. तो पाणी पितो आणि सावकाश सोडतो, म्हणून वर पाऊस थांबला तरी आत तासन् तास ठिबकत राहतं. खाली उभं राहून बोलणं थांबवलं तर थेंबांचे वेगवेगळे आवाज ऐकू येतात: शिळेवरचा टप्प, पाण्यातला टुप, आणि पुजाऱ्याच्या पितळी भांड्यात पडणारा तिसराच. गुडघे दुखणाऱ्यांनी परतीच्या चढाचा विचार आधी करावा. सासूबाई अर्ध्यापर्यंत येतात, तिथल्या कठड्याला टेकतात आणि "महादेवाला माझा इथूनच" म्हणतात. मुसळधार पावसात पायऱ्यांवरून पाण्याचा ओहोळ वाहू लागला तर उतरू नका.

जोर ओसरला तर बडा महादेव आणि जवळचा गुप्त महादेव. बडा महादेवच्या गुहेत छतातून पाणी सतत ठिबकत असतं. गुप्त महादेव म्हणजे दोन खडकांमधली चिंचोळी फट. आडवं होऊन, पोट आत घेऊन सरकावं लागतं. एका वेळी मोजकीच माणसं. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना आग्रह करू नका. आमच्या दिरांना एकदा हसत हसत ढकललं आणि मग सगळ्या रांगेला मागे यावं लागलं. चौरागढचा विचार झडीत नको. तेराशेवर पायऱ्या आहेत, आणि त्रिशूळ घेऊन चढणाऱ्या भाविकांचा पाय त्या वाटेवर तयार असतो, आपला नसतो.

चित्रांच्या गुहा

महादेव डोंगरात आदिमानवाच्या काळापासूनचे शैलाश्रय आहेत. त्यांतली चित्रं पांढऱ्या आणि तांबड्या रंगात आहेत: घोडेस्वार, धनुर्धारी, गुरं, मध काढणारी माणसं. १९३० च्या दशकात हंटर आणि गॉर्डन या अभ्यासकांनी इथे काम केलं. जटाशंकरच्या बाजूला हार्पर्स केव्ह आहे. तंतुवाद्य वाजवणाऱ्या माणसाच्या चित्रावरून ते नाव पडलं. पावसात जवळच्याच शैलाश्रयाला जा, आणि तेही माहितगार माणूस बरोबर घेऊन. ओलं जंगल, उंच गवत, त्यात साप.

रंग उठून दिसावेत म्हणून चित्रावर पाणी मारायची एक वाईट खोड लोकांना आहे. कुणी गाइड तसं करायला लागला तर तिथेच थांबवा. ओल्या हाताने स्पर्शही नको. बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका टाकून पाहा, पुसट रेघ उठते.

धबधब्यांचं गणित वेगळं

२०११ साली इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्याला अचानक लोंढा आला आणि पिकनिकला गेलेली माणसं वाहून गेली, हे इंदूरकरांना सांगायला नको. तिथे त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हता, वरच्या अंगाला होता. पचमढीतही तेच लागू आहे. बी फॉल म्हणजे जमुना प्रपात, अप्सरा विहार, रजत प्रपात: झड चालू असताना आणि ती थांबल्यावर निदान अर्धा दिवस यांच्या पाण्यात उतरू नये. लांबून पाहायला हरकत नाही. साडेतीनशे फुटांवरून पडणारा रजत प्रपात तर लांबूनच पाहायचा असतो.

पाण्याजवळ असताना तीन खुणांवर डोळा ठेवा. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, किंवा पाण्याचा आवाज एकदम जड झाला, की सामान सोडून वर या. चपला वाहून गेल्या तर बाजारात मिळतात. पहारेकरी नाही म्हणाला की नाही. "हम इंदौर से आए हैं" हे त्याने आधीच दिवसातून चाळीस वेळा ऐकलेलं असतं.

व्हरांड्यातला वेळ

दुपारी तीननंतर कुणाला बाहेर पडायचं नसतं, आणि कटकट सुरू होते ती याच वेळी. म्हणून फोन गोळा करून डब्यात ठेवायची वेळ आधीच ठरवा. आमच्याकडे मेंढीकोट मोठ्यांचा आणि झब्बू सगळ्यांचा. पत्ते ओले होतात, म्हणून प्लास्टिकचा कॅट न्या. गाव-नाव-फळ-फूल खेळताना 'गाव' फक्त इंदूर ते पचमढी वाटेवरचं, असा नियम घातला की सोनकच्छ, आष्टा, सिहोर, सोहागपूर सगळी उजळणी होते आणि 'ज्ञ'वर भांडणही.

एकाने तेवढा वेळ झाडांवर नजर ठेवावी. शेकरू इथे आहे, तांबूस, लांब शेपटीची मोठी खार. ती फांदीवरून फांदीवर जाते तेव्हा पानांवरचं पाणी एकदम खाली सांडतं. पाऊस थांबलेला असताना एकाच झाडाखाली सर आली की वर बघा. पहाटे कुणीतरी माणूस बेसूर पण मनापासून शीळ घालत चाललाय असं वाटलं, तर तो बहुधा शीळ घालणारा कस्तुर पक्षी. मुलीने दोन दिवस शेजारच्या खोलीतल्या काकांवर आळ घेतला होता.

संध्याकाळी पाऊस धरला असला तरी रेनकोट घालून बाजारापर्यंत एक चक्कर मारा. निखाऱ्यावर भाजलेला भुट्टा घ्या. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतल्या भुट्ट्याच्या किसाची आठवण काढून विक्रेत्याला नावं ठेवू नका. आमच्याकडचे हे दर वर्षी ठेवतात आणि दर वर्षी दुसरा भुट्टा मागतात.

परतताना

निघायच्या आदल्या रात्री घाट उघडा आहे का विचारा आणि एक दिवसाची रजा हाताशी ठेवा. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, रेनकोट गाडीच्या मागच्या काचेपाशी पसरून. इंदूरला पोचल्यावर बॅगा रिकाम्या करून दोन दिवस उघड्या ठेवा, कप्प्यांत पुन्हा कागदाचे बोळे घाला. कॅमेरा आणि दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या तांदळाबरोबर ठेवा, पण तांदूळ कापडी पुरचुंडीत बांधून. नाहीतर पीठ भिंगात जातं. उरलेली सादळलेली शेव टाकू नका. मंद तव्यावर दोन मिनिटं परतली की रविवारच्या पोह्यांवर चालते.